विचारपूस

एप्रिल लागला, मोहाडीच्या शिवारात द्राक्षबागांची खरड छाटणी सुरू झाली आणि धनराज जेवून उठला की आपलं ताट आपणच धुवायला लागला. नुसतं धुवायचा नाही, धुऊन वेगळं ठेवायचा. चुलीमागच्या फळीवर, बाकीच्या भांड्यांपासून हातभर लांब. ताटाशेजारी त्याचा पेला. फळीच्या खिळ्याला पिशवीत गुंडाळून दाढीचं ब्लेड.

मंगलाबाईला वाटलं, लेकानं काही नवस बोललाय. ती म्हणाली, "देवीचं काही धरलंय का रे?"

"हा," धनराज म्हणाला.

"मंग परवा मटण कसं खाल्लं?" त्याच्या बायकोनं, तृप्तीनं विचारलं.

तो चंबू घेऊन बाहेर गेला. चिमुकली लेक हर्षाली त्याच्या ताटातला भात खायला त्याच्याजवळ सरकली होती, तिला त्यानं आधीच आजीकडे ढकललं होतं.

तृप्तीला न कळलेली गोष्ट पोटात राहत नसे. ठिबकच्या फिल्टरमध्ये काय असतं ते पाहायला तिनं एकदा फिल्टर खोलला होता आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. औषधं विकायला येणाऱ्या कंपनीच्या माणसाला ती विचारायची, डाऊनी बुरशी पानाच्या खालूनच का येते, वरून का नाही. छाटणीच्या टोळीतल्या बाया तिला सीआयडी म्हणायच्या. पेठकडच्या डोंगरातून धनराजच्या घरची माणसं इथं आली तेव्हा तृप्ती नवी नवरी होती. घरची उतारावरची नागली पावसाळा संपेस्तोवर पुरायची, पुढं बागेवर यायचं. येता येता एका वर्षी राहिलीच. मोटारीच्या खोलीला लागून पत्र्याच्या दोन खोल्या मालकानं दिल्या. धनराज मालकाची पिकअप चालवायचा. हंगामात द्राक्षाचे कॅरेट घेऊन ओझरजवळच्या पॅकहाउसला, कधी घाट उतरून वापीच्या बाजारात. हंगाम सरला की पिकअप झाडाखाली उभी आणि तो हातात कात्री घेऊन टोळीत.

ताटाचं कोडं सुटायच्या आधी तिला आणखी गोष्टी दिसल्या. सकाळी तो पिकअपच्या आरशात जीभ बाहेर काढून बघत उभा राहायचा. काखेत, जांघेत बोटं घालून चाचपायचा. मोबाइलवर काहीतरी ऐकत बसायचा आणि ती जवळ आली की बंद करायचा. आणि पत्रा तापतो म्हणून अंगणात पिकअपच्या हौद्यात झोपायचा. ते तिला तेवढं खटकलं नव्हतं. पत्रा खरंच तापायचा.

त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं होतं. माल निघून गेलेली बाग उघडी दिसत होती. पानं पिवळी, काड्या तपकिरी, वर तारा. धनराज पुढच्या ओळीत काड्या छाटत होता, तृप्ती मागून पडलेल्या काड्या ओढून ढीग घालत होती. मधेच त्याची कात्री घसरली. त्याच्या तोंडून आवाज आला आणि तिनं वर पाहिलं तर अंगठ्याच्या बुडातून रक्त धारेनं मनगटावर येत होतं.

ती धावली. पदराचा काठ दातानं फाडला आणि त्याचा हात धरायला गेली.

"हात लावू नको!"

त्यानं कोपर मारलं. ती मागं काड्यांच्या ढिगावर पडली. एक खुंट तिच्या दंडाला ओरखडून गेला. ओळीतल्या बायांच्या कात्र्या थांबल्या. मंगलाबाई डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली. लेकानं बायकोला असं ढकलल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

धनराज कुणाकडे बघत नव्हता. त्यानं हात बनियनमध्ये गुंडाळला आणि जमिनीवर पडलेल्या रक्ताच्या थेंबांवर पायानं माती लोटायला लागला. एक थेंब तारेवर होता, तो पानानं पुसला. चार पावलं गेला, परत फिरला, राहिलेला एक थेंब शोधून त्यावरही माती टाकली. तृप्ती पडल्या जागेवरून ते बघत होती. दंड चुरचुरत होता, चारचौघांत पडल्याची लाज वाटत होती, पण त्याहून जास्त तिला ती माती टाकणं दिसत होतं. एवढ्या जखमेला कुणी असं झाकत नाही.

तो शेततळ्याच्या बांधावर जाऊन बसला होता. ती हळदीची पुडी आणि पाण्याची बाटली घेऊन गेली आणि लांब उभी राहिली.

"इथंच उभी राह्यते. हात नाय लावत. बोल आता."

त्यानं तळ्याच्या काळ्या प्लास्टिककडे तोंड फिरवलं. मग बोलला. पॅकहाउसवर माल उतरायला वेळ लागायचा. तिथं कामाला एक बाई होती, उज्वला नावाची, नवरा मेलेली. तिच्याशी बोलणं व्हायचं. एकदा माल उशिरा उतरला, तिच्या खोलीवर गेला. एकदाच.

"आणि मंग?"

"मंग निवृत्तीनं सांगितलं." निवृत्ती म्हणजे शेजारच्या बागेच्या पिकअपवरचा ड्रायव्हर. "तिचा नवरा त्या बिमारीनं मेला. तिलाबी हाय. एचआयव्ही. मला काय माहीत? तिनं लपवलं माह्यापासून. फसवलं तिनं मला."

तृप्तीनं हळदीची पुडी त्याच्या अंगावर फेकली. पुडी फुटून त्याची मांडी पिवळी झाली. ती पाठ फिरवून बांधावर बसली. रडू आलं, ते तिनं पदरात रडून घेतलं. धनराज मागून काहीतरी बोलत होता, पाया पडतो म्हणत होता, ते तिला ऐकू येत नव्हतं. मग रडू ओसरलं आणि एकेक प्रश्न वर यायला लागला. तिलाच त्या प्रश्नांची चीड आली. अशा वेळी बायका मारतात, माहेरी जातात. तिला विचारावंसं वाटत होतं.

"कव्हाची गोष्ट?"

"होळीच्या आधीची."

"आणि माह्याजवळ?"

"तव्हापासून आलो का मी तुह्याजवळ?"

तिनं आठवून पाहिलं. नव्हता आला. तिनं तो दोष पत्र्याला दिला होता.

"लागलंय का ते कळायला किती दिवस लागत्या?"

"काय माहीत."

"कुणाला इचारलं?"

"कुणाला इचारू?" तो पुटपुटला. "मोबाइलवर पाह्यतो. त्यात जीभ पांढरी होती म्हणत्या. ताप येतो. वजन जातं. माह्यं वजन गेलंय, तुला दिसत नाय का?"

"तू जेवत नाय म्हणून गेलंय," तृप्ती म्हणाली. "उद्या दवाखान्यात जाऊ."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्या तपासणीची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. दारावरची पाटी वाचून धनराज तिच्यासमोरून दोनदा पुढं गेला आणि दोनदा पाणपोईपर्यंत जाऊन परत आला. पाणपोईजवळ मोहाडीचा एक ओळखीचा म्हातारा बसला होता. धनराज त्याला म्हणाला, "दाताचं दाखवायचंय." तेवढ्यात व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला तृप्तीनं वॉचमनला मोठ्यानं विचारलं, "दादा, एचआयव्हीचं रक्त कुठं काढत्या?" म्हाताऱ्यानं धनराजकडे पाहिलं. धनराजनं गालावर हात धरला, पण तोवर उशीर झाला होता.

आतल्या समुपदेशक बाईंचं नाव मोहिनी होतं. त्यांनी आधी दार लावलं. मग धनराजला म्हणाल्या, "इथलं बोलणं इथंच राहतं. तुमची इच्छा असेल तरच या थांबतील. नाहीतर त्या बाहेर बसतील."

धनराजनं मान हलवली. "असू द्या. ती बाहेर बसली तरी दाराला कान लावीन."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा जरा सैल झाला. कधी संबंध आला, निरोध वापरला होता का, असं त्यांनी सरळ विचारलं, जसं कुणी जेवण झालं का विचारावं. निरोध वापरला होता, धनराज खाली बघून म्हणाला. तृप्तीला हे नवं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"मग घाबरून दोन-तीन दिवसांतच का नाही आलात? बहात्तर तासांच्या आत आलं तर औषध सुरू करता येतं. आता त्याची वेळ गेली. रक्त बघू."

बाईंनी विचारलं, काही शंका आहेत का. धनराजला नव्हत्या. तृप्तीला होत्या. एका ताटात जेवलं तर? पेला उष्टा झाला तर? घामानं? पोरीनं मुका घेतला तर? डास त्याला चावून मग मला चावला तर? कात्री त्याची मी वापरली तर? जमिनीवर रक्त सांडलं तर ते त्यात किती वेळ जगतं? बाई एकेकाला उत्तर देत गेल्या. ताटानं नाही, पेल्यानं नाही, मुक्यानं नाही, डासानं नाही. बाहेर सांडून वाळलेल्या रक्तात तो विषाणू टिकत नाही. ताजं रक्त उघड्या जखमेत गेलं तर धोका, म्हणून ते उघड्या हातानं धरू नये, कुणाचंही. ब्लेड मात्र प्रत्येकाचं वेगळं हवंच, आजार असो नसो.

"म्हंजी ब्लेडचं तेवढं बरोबर केलं यानं," तृप्ती म्हणाली.

"आणि त्या ज्या बाई आहेत," मोहिनी मॅडमनी विचारलं, "त्यांना त्यांच्या आजाराचं माहीत आहे का? नसेल तर त्यांनाही इकडे पाठवा."

"माहीत हाय तिला. रोज गोळी घेती ती," धनराज बोलून गेला.

"मग चांगलंच आहे. एआरटीची गोळी रोजच्या रोज घेतली आणि तपासणीत रक्तातला विषाणू सापडेनासा झाला, तर तो संबंधातून दुसऱ्याला लागत नाही. माणूस आपलं आयुष्य जगतो, काम करतो. त्यात तुम्ही निरोध वापरलेला. भीतीएवढा धोका दिसत नाही. तरी तपासणी करायची."

धनराजचं रक्त काढलं. मग तृप्तीनं आपली बाही वर केली. तुम्हाला तशी गरज नाही, मॅडम म्हणाल्या. "तरी काढा," ती म्हणाली, "माह्यं मला माहीत असू द्या." प्रयोगशाळेतल्या मुलीला तिनं ती पट्टी दाखवायला लावली. एवढीशी पट्टी. एक रेघ उठली तर नाही, दोन उठल्या तर आहे, एकही नाही उठली तर पट्टीच खराब. तृप्ती वाकून बघत राहिली. तिच्या पट्टीवर एक रेघ हळूहळू गुलाबी झाली. दुसरीची तिनं श्वास धरून वाट पाहिली. ती आली नाही.

धनराजचाही निकाल निगेटिव्ह आला. त्यानं हात जोडले आणि भिंतीला टेकला. पण मॅडमनी लगेच सांगितलं, एवढ्यावर थांबायचं नाही. शरीरात खूण उमटायला वेळ लागतो. त्या दिवसापासून तीन महिने झाले की परत या, मग पक्कं. तोवर बायकोजवळ जाल तर निरोध वापरा. धनराजचा चेहरा पुन्हा उतरला.

परतीच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये दोघं मागच्या बाकावर होते. उतरल्यावर, बागेच्या रस्त्यानं चालताना तिनं विचारलं, "ती रोज गोळी घेती हे तुला कसं माहीत?"

"निवृत्तीनं सांगितलं."

"निवृत्ती तिच्या गोळ्या मोजतो का?"

तो पुढं निघून गेला. संध्याकाळी तिनं त्याचं ताट फळीवरून काढलं, इतर ताटांत घातलं, आणि हर्षालीला त्याच्या मांडीवर बसवलं.

पॅकहाउसला अजून उशिराच्या बागांचा माल येत होता. बायांचा टेम्पो मोहाडीवरून जायचा. तृप्तीनं मंगलाबाईला सांगितलं, छाटणी आटपत आलीय, चार दिवस तिकडं रोजानं जाते. धनराजला काही सांगितलं नाही, आणि सासूलाही सांगू दिलं नाही. तिला ती बाई बघायची होती. राग होताच. पण राग धरून बसता आलं असतं घरीही. तिला वाटत होतं, अशी बिमारी असलेलं माणूस दिसतं कसं. तिनं डोक्यात एक बाई तयार केली होती, गालाची हाडं वर आलेली, काळवंडलेली, तरीही पुरुषाला भुलवणारी. दोन्ही एका बाईत कसं बसवायचं ते तिला जमत नव्हतं.

आत गार होतं. लांब टेबलांवर घड ओतलेले. डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या घालून बाया बारीक कात्रीनं सडके, बारके मणी काढत होत्या. सगळ्या दाटीनं उभ्या होत्या, फक्त एका टेबलाच्या टोकाला जागा मोकळी होती, आणि तिथं एक रुंद हाडाची, भरल्या अंगाची बाई एकटी उभी होती. भरलेला कॅरेट तिनं एकटीनं उचलून वजनकाट्यावर ठेवला. तृप्तीला तो उचलायला दोघी लागल्या असत्या.

"उज्वला कोणती?" तिनं शेजारणीला विचारलं.

शेजारणीनं हनुवटीनं तीच दाखवली. "तिच्याजवळ नको जाऊ."

तृप्ती तिथंच जाऊन उभी राहिली. बायांवर देखरेख करणारी विमलाबाई लांबून ओरडली, "ए नवी, इकडं ये, तिकडं नको."

"इथं पंखा हाय," तृप्ती म्हणाली आणि कात्री चालवायला लागली.

उज्वलानं तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा घड उचलला. पाण्याचे दोन माठ होते. मोठ्या माठावर सगळ्या. छोट्यावर एकटी उज्वला. जेवायला बाया शेडच्या सावलीत बसल्या, उज्वला गेटजवळच्या कडुलिंबाखाली. तृप्ती आपली भाकरी घेऊन तिथं गेली.

"मी धनराजची बायको."

उज्वलानं डब्याचं झाकण लावलं. "मारायला आली का?"

"पाह्यला आली."

"मंग पाहा." उज्वलानं डोक्यावरची टोपी काढली आणि चेहरा उन्हाकडे केला. केस दाट होते. कपाळाला घामाचा पट्टा. डोळ्यांखाली थकवा, तो तर सगळ्यांच्याच होता. तृप्ती खरंच बघत राहिली, इतकी की शेवटी उज्वलालाच हसू आलं. "झालं?"

"दिसत तर काही नाय."

"गोळी चुकवत नाय मी. नवरा गेला तव्हा पोटात पोरगा व्हता, तव्हा कळलं मला. पोरगा चांगला हाय, त्याला नाय. नववीला हाय आता." ती थांबली. "आणखी काय इचारायचं?"

तृप्तीला खूप विचारायचं होतं. गोळी कडू असते का, झोप येते का, पहिल्यांदा कळलं तेव्हा घरी कुणाला सांगितलं. पण तिनं आधी हेच विचारलं, "माह्या माणसाला फसवलं का तू?"

"कोण म्हणतं?"

"तोच म्हणतो. तू लपवलं म्हणतो."

उज्वलानं हातातला भाकरीचा तुकडा झाकणावर ठेवला. मग हळू बोलली. "खोलीत आला तव्हा आधी बस म्हटलं. सांगितलं, मला असं असं हाय, गोळी चालू हाय, तरी हे निरोधचं पाकीट घे. नको म्हणाला. मंग म्हटलं, चप्पल घाल आणि जा. मंग घेतलं. चूक केली मी, तुह्यापुढं नाय म्हणत नाय. बायको हाय त्याला हे माहीत व्हतं मला. पण लपवलं नाय." तिनं छोट्या माठाकडे पाहिलं. "मला वाटलं, दवाखान्यातून कुणी फोडलं. इथं मी एकाच माणसाला सांगितलं व्हतं. तुह्या नवऱ्याला."

तृप्तीनं आपली भाकरी फडक्यात परत बांधली.

माल संपला त्या आठवड्यात विमलाबाईनं बायांना पुढच्या हंगामाचं सांगितलं. सगळ्यांना या म्हणाली. उज्वलाला म्हणाली, तू दुसरीकडं बघ.

घरी येऊन तृप्तीनं धनराजला विचारलं नाही. पहिल्यांदाच असं झालं की उत्तर माहीत असून ती गप्प राहिली. तिला बघायचं होतं, तो आपणहून सांगतो का. मे महिनाभर वेलींवर नवी फूट येत होती, टोळी नको ती फूट खुडत होती. ऊन असं की दुपारी तारेला हात लावला तर चटका बसायचा. त्यात धनराजला ताप भरला. त्यानं अंथरुणातून मंगलाबाईला हाक मारली आणि म्हणाला, आई, मी जातो. म्हातारी घाबरून रडायला लागली. तृप्तीनं त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या.

"लांब हो," तो म्हणाला.

"घामानं नाय लागत. मॅडमनी सांगितलं ना."

"तरी."

"ऊन लागलंय तुला. भर दुपारी टोपी न घालता फिरतो."

त्यानं तिचा हात धरला आणि रडला. चूक झाली म्हणाला, पोरीची शपथ घेतली, परत असं होणार नाही म्हणाला. सगळं म्हणाला. ते एक वाक्य तेवढं म्हणाला नाही. तृप्ती घड्या बदलत राहिली आणि वाट बघत राहिली. ताप उतरला, तो कामाला लागला, तरी नाही.

जूनमध्ये पाऊस लांबला होता. दवाखान्याच्या आवारात धूळ उडत होती. या खेपेला धनराज पाटीसमोरून पुढं गेला नाही. रक्त दिलं, बाहेर बाकावर बसला, गुडघे हलवत राहिला. मोहिनी मॅडमनी आत बोलावलं आणि कागद त्याच्यासमोर धरला. "निगेटिव्ह. आता हे पक्कं."

बाहेर येऊन त्यानं नळाखाली डोकं धरलं. शर्ट भिजला. तसाच ओल्या केसांनी तो तृप्तीसमोर आला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दात दाखवून हसला.

"सुटलो गं."

"तू सुटला," तृप्ती म्हणाली. "उज्वलाबी सुटली. कामावरून."

त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

"मी गेले व्हते तिथं. तिच्याशेजारी उभी राहून काम केलं, तिच्याजवळ बसून जेवले. मला माहीत हाय सगळं. पण मला तुह्या तोंडून ऐकायचंय. किती दिवस वाट पाह्यली मी."

आवारातून माणसं येत जात होती. त्याच्या कानांवरून पाणी गळत होतं. तो इकडं तिकडं बघायला लागला, मग बघायचं सोडलं.

"तिनं आधी सांगितलं व्हतं मला," तो म्हणाला. "सगळं सांगितलं व्हतं. तव्हा मला काही वाटलं नाय. घरी आल्यावर भ्या वाटलं. निवृत्तीला कळवळून सांगितलं, आणि सांगताना म्हणलं का तिनं लपवलं. नायतर तो म्हणला असता, माहीत असून गेला, येडा का तू. त्यानं ते पॅकहाउसवर नेलं."

"आणि मलाबी तेच सांगितलं."

"हा."

"चल," तृप्ती म्हणाली.

"कुठं?"

"ओझरला. विमलाबाईकडं."

विमलाबाईचं घर ओझरला विमानांच्या कारखान्याच्या रस्त्यापलीकडं होतं. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. धनराजनं चप्पल काढली, उभ्यानंच बोलला. मधे अडखळला, पण तृप्तीकडे न बघता शेवटपर्यंत बोलला. विमलाबाईनं सुपातून हात काढला नाही.

"बिमारीचं मलाबी आधी भ्या वाटलं," ती म्हणाली. "मंग दवाखान्यातल्या माह्या भाचीनं समजावलं. पण पोरी ऐकेनात. म्हणत्या, तिनं गडी फसवला, उद्या आम्हाला फसवीन. म्हणून काढली."

"फसवलं नाय तिनं."

"हे माह्या ओट्यावर सांगून काय फायदा? माल सुरू झाला का गेटवर ये. दुपारच्या सुट्टीत, सगळ्या बायांसमोर सांग. मंग मी तिला निरोप धाडते."

बायांसमोर म्हणजे पन्नास-साठ तोंडं. पुढं जन्मभर त्या गेटवर धनराजला कॅरेट उतरवायचे होते.

"येईन," तो म्हणाला.

"आणि नाय आला तर?"

"मी आणीन," तृप्ती म्हणाली. "उज्वलाचा नंबर द्या. तिला आज कळू द्या हे."

ओट्यावरूनच तिनं फोन लावला आणि धनराजच्या हातात दिला. तो घराच्या कोपऱ्याला जाऊन बोलला. काय बोलला ते ऐकायला ती गेली नाही. परत आला तेव्हा म्हणाला, "तिनं ऐकून घेतलं. आणि ठेवला."

एसटीला वेळ होता. दोघं रस्त्याकडेला चिंचेखाली उभे राहिले. वरून विमान उतरत गेलं. तृप्तीचं दवाखान्यातल्या बाईला, पट्टीवाल्या मुलीला, उज्वलाला, सगळ्यांना सगळं विचारून झालं होतं. एक प्रश्न मात्र तिनं अजून कुणालाच विचारला नव्हता, कारण त्याचं उत्तर नको तसं आलं तर ते घेऊन कुठं जायचं हे तिला माहीत नव्हतं.

"तिच्याकडं का गेला व्हता?"

धनराजनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. तिला वाटलं, आता काहीतरी खोटं येईल.

"ती इचारायची," तो म्हणाला. "माल उतरेपर्यंत काहीबाही इचारायची. जेवला का. गाडी रात्रीची चालवतो तर झोप येती का. घाटात भ्या वाटतं का." तो थांबला. "तू समद्या जगाला इचारती. मोटारीला इचारती, पाइपाला इचारती. मी गाडी घेऊन गेलो का तू म्हणती, गेला. आलो का म्हणती, आला."

तृप्तीच्या अंगाची आग झाली. गेला तो, आणि बोल तिला? हे सोपं होतं, असं पुरुषांनी म्हणणं. पण तिनं आठवून पाहिलं. भरलेली पिकअप घेऊन तो वापीला जायचा, दुसऱ्या दिवशी डोळे लाल करून यायचा, ती त्याच्यापुढं ताट ठेवायची. डाऊनीचं तिला सगळं माहीत होतं. त्या रस्त्याचं काही माहीत नव्हतं.

त्यानं केलं ते त्यामुळं कमी होत नव्हतं. ते तसंच होतं, आणि बरेच दिवस तसंच राहणार होतं. पण ही गोष्टही आता समोर होती, आणि समोरची गोष्ट न विचारता सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

लांबून एसटी येताना दिसली. तृप्तीनं पिशवी उचलली.

"घाटात भ्या वाटतं का?" तिनं विचारलं.

धनराजनं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

"कोटंबीच्या घाटात वाटतं," तो म्हणाला. "उतारावर माल मागून ढकलतो. ब्रेक लागतो, पण गाडी थांबत नाय. एकदा तर..."

"थांब, आत बसून सांग," ती म्हणाली, आणि चढून खिडकीची जागा त्याला ठेवून तिच्या शेजारी बसली, तिकडंच तोंड करून.